अंगावर दूध आलं होतं का?

साशंक : थकवा, वजन वाढणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, पाळीचा गोंधळ, मन लागत नाही. ही यादी घेऊन इंदूरमध्ये राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत कुठल्याही दहा घरांची कडी वाजवा, प्रत्येक घरात यातल्या दोन-तीन गोष्टी असलेलं माणूस सापडेल. त्यातल्या कोणाला थायरॉईड असतो, कोणाच्या अंगात रक्त कमी असतं, कोणी नुसतंच दमलेलं असतं. तक्रार तीच, कारणं वीस. काहीशे रुपयांत टीएसएच या थायरॉईडच्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत फोनवर येतो, तेव्हा लक्षणांवरून हार्मोनचे आजार ओळखायचा आग्रह कशासाठी? २०१३ मध्ये आठ भारतीय शहरांतल्या ५,३७६ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. इंदूर त्यात नव्हतं, पण मुंबई आणि गोवा होते. जवळजवळ ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी मंद निघाली, आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास लोकांना आपल्याला असं काही आहे याचा पत्ताच नव्हता. शरीरात आजार होता आणि लक्षणांनी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पंचवीस हजारांवर लोकांची अशीच पाहणी झाली. थायरॉईड बिघडलेले आणि न बिघडलेले यांच्या तक्रारींत फरक होता, पण तो काही टक्क्यांचाच. एवढ्या फरकावर एका माणसाचं निदान उभं राहत नाही.

आग्रही : एकेकट्या लक्षणाला काही किंमत नाही, हे मी वाद न घालता मान्य करतो. थकवा हा पुरावा नाही. पण तपासणी आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, आणि तो प्रश्न कोणता हे ती स्वतः ठरवू शकत नाही. एक आजार घेऊ. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मोठी होते आणि तिची रक्ताची गरज वाढते. बाळंतपणात फार रक्त गेलं, रक्तदाब कोसळला, तर ही ग्रंथी काही अंशी किंवा पुरती मरते. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये याचं वर्णन केलं आणि आजाराला त्याचंच नाव मिळालं. बाई वाचते. तिच्या अंगावर दूध येत नाही. पाळी परत सुरू होत नाही. काखेतले केस विरळ होतात, थंडी सोसत नाही, चेहरा फिका पडतो, कामाला अंग उचलत नाही. असं पाच, दहा, कधी पंधरा वर्षं चालतं. मग एखादा साधा ताप किंवा हगवण येते आणि ती बेशुद्धावस्थेत दवाखान्यात पोचते, रक्तातलं सोडियम आणि साखर दोन्ही घसरलेली. आता या बाईचा तुमचा टीएसएच करा. तो नॉर्मल येऊ शकतो. कारण टीएसएच तयार करते पिट्युटरी, आणि इथे बिघाड पिट्युटरीतच आहे. थायरॉईडचं हार्मोन कमी झालं की टीएसएच वाढला पाहिजे, हा ज्या नियमावर तुमची तपासणी उभी आहे, तोच इथे मोडलेला असतो. रिपोर्टवर ठळक अक्षरांत काहीच छापलेलं नसतं, आणि बाई लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाते. कोणी त्याहून हुशारीने टी-फोर हे थायरॉईडचं हार्मोनही तपासलं, ते कमी दिसलं म्हणून थायरॉक्सिन हे त्याचं औषध सुरू केलं, आणि पिट्युटरीच्याच इशाऱ्यावर ॲड्रिनल ग्रंथी बनवतात ते कॉर्टिसॉल पाहिलंच नाही, तर उपचारच तिला संकटात ढकलू शकतो. थायरॉक्सिनमुळे शरीराचा वेग वाढतो आणि असलेलं थोडंथोडकं कॉर्टिसॉल पुरत नाही. रक्ताचा एकच आकडा पाहून घेतलेला हा निर्णय जिवावर बेततो. ‘बाळंतपणात किती रक्त गेलं, रक्त चढवावं लागलं का, अंगावर दूध आलं होतं का, पाळी परत आली का’ हे प्रश्न विचारले असते तर ते टळलं असतं.

साशंक : तुम्ही सर्वांत नाट्यमय उदाहरण निवडलंत. दुर्मीळ आजाराचा हुकमाचा एक्का टाकून रोजचा खेळ जिंकता येत नाही. प्रसूतिशास्त्र सुधारलेल्या देशांत हा आजार आता क्वचितच दिसतो. ओपीडीत दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने प्रत्येक थकलेल्या बाईमागे शीहान शोधायचा का?

आग्रही : दुर्मीळ कुठे, हे आधी विचारू. श्रीनगरच्या डॉ. अब्दुल हमीद झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काश्मीरमध्ये वीस वर्षांवरच्या, मूल झालेल्या बायकांमध्ये हा आजार मोजला. प्रमाण सुमारे तीन टक्के निघालं, आणि या रुग्णांपैकी निम्म्याहून खूप अधिक जणींची बाळंतपणं घरी झालेली होती. आपलं माळवा-निमाड म्हणजे काश्मीर नव्हे, तो आकडा इथे चिकटवणार नाही. पण दुसरा आकडा इथलाच आहे. २०१८ ते २०२० या काळात मध्य प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. देशाची सरासरी ९७ होती आणि शेजारच्या महाराष्ट्रात ३३. बाळंतपणातला रक्तस्राव हे या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. ज्या मेल्या त्यांची नोंद होते. तितकाच रक्तस्राव होऊन ज्या वाचल्या, त्यांची मोजणी कोणत्या रकान्यात होते? इंदूरच्या महाराजा यशवंतराव (एमवाय) रुग्णालयात झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी, खरगोन इथून रुग्ण येतात. दवाखान्यात बाळंतपण व्हावं म्हणून पैसे देणारी जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली. त्याआधी किंवा त्याच्या आसपास पाड्यावर, घरच्या घरी बाळंत झालेल्या बायका आज चाळीस-पंचेचाळिशीच्या आहेत. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे, एवढं मान्य करून म्हणतो की इंदूरला हा आजार फक्त पाठ्यपुस्तकातला समजणं परवडणारं नाही.

साशंक : तरीही दोन हरकती उरतात. पहिली आठवणीची. पंधरा वर्षांपूर्वी दूध आलं नाही, याची कारणं डझनभर असतात. बाळ दगावलेलं असतं, आई आजारी असते, सासूने पहिल्या दिवसापासून वरचं दूध सुरू केलेलं असतं. आणि ‘फार रक्त गेलं’ म्हणजे किती, हे मोजायला तिथे कोणी नव्हतं. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. लक्षणांची वाट पाहणं हाच कित्येकदा गुन्हा असतो. जन्मतःच थायरॉईड नसलेलं किंवा अपुरं असलेलं बाळ घ्या. भारतात सुमारे हजारभर जन्मांमागे असं एक बाळ असतं. त्यातली बहुतेक जन्माच्या वेळी अगदी इतर बाळांसारखी दिसतात, कारण आईचं हार्मोन काही काळ त्यांना पुरतं. जाड जीभ, बसका आवाज, फुगलेलं पोट, रेंगाळलेली कावीळ हे सगळं दिसेपर्यंत मेंदूची वाढ खुंटलेली असते आणि ती भरून येत नाही. तिथे उपाय एकच. टाचेतून रक्ताचे थेंब घ्यायचे आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू करायचं. गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर नवजातांची अशी तपासणी सुरू केली. तिथे कोणी ‘मी बाळ बघून ओळखतो’ म्हणाला असता तर त्याच्या आत्मविश्वासाची किंमत मुलांनी आयुष्यभर मोजली असती. जुन्या काळचे डॉक्टर, ग्रेव्हज १८३५ मध्ये आणि ॲडिसन १८५५ मध्ये, नुसत्या निरीक्षणावर आजार ओळखून गेले, याचं कौतुक मलाही आहे. पण त्यांच्यापाशी दुसरं साधनच नव्हतं. त्यांच्या गरजेला आपण गुण समजू नये.

आग्रही : नवजात बाळाबाबत मी तुमच्या बाजूला येतो, अर्धवट नाही, पूर्ण. पण तुम्ही खरे का, हेही बघू. लक्षण तयार व्हायला वेळ लागतो. हार्मोन कमी पडल्यावर त्वचा, केस, स्नायू, मन यांच्यावर ते हळूहळू उमटतं. बाळापाशी तो वेळ नसतो, नुकसान आधी होतं आणि खूण मागून दिसते. म्हणून तिथे सरसकट तपासणीच हवी. पिट्युटरीच्या रुग्णात याच्या उलट घडतं. खुणा वर्षानुवर्षं समोर असतात आणि तपासणीच गाफील ठेवते. एक पद्धत चांगली आणि दुसरी वाईट असा हा सामना नाही. कुठे काय आधी येतं, हे पाहावं लागतं. आणि तिसरा प्रकारही आहे, आपल्या शहरांत सर्वांत जास्त दिसणारा, जिथे तपासणी गरजेपेक्षा जास्त बोलते. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, सत्तरीच्या आजींचा टीएसएच साडेसहा आला, टी-फोर नॉर्मल. घरात बातमी पसरते, ‘आजींना थायरॉईड निघाला’. गोळी सुरू होते ती कायमची. २०१७ मध्ये युरोपातल्या ७३७ वयस्कर रुग्णांवर झालेला ट्रस्ट हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे पासष्ट किंवा त्याहून मोठे, सगळ्यांचा बिघाड असाच सौम्य. अर्ध्यांना थायरॉक्सिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या तक्रारींत फरक नव्हता. आजींचा थकवा तसाच राहतो, फक्त आता त्याला नाव मिळालेलं असतं. आणि नाव मिळाल्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन, त्यांची झोप, आजोबा गेल्यापासूनचं त्यांचं एकटेपण याकडे बघायचं राहून जातं.

साशंक : हा अभ्यास माझ्या बाजूने बोलतो, तुमच्या नाही. गोळीने थकवा गेला नाही, म्हणजे तो थायरॉईडचा नव्हताच. लक्षणाने डॉक्टरला चुकीच्या दाराशी नेलं.

आग्रही : चुकीच्या दाराशी नेलं ते आकड्याने. थकवा फक्त सोबत होता. तरी तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग मी घेतो, कारण त्यातून प्रश्न धारदार होतो. लक्षणं उपयोगी आहेत का, हे विचारून काही हाती लागत नाही. कुठलं लक्षण उपयोगी, ते विचारावं. माझ्या मते तीन प्रकारची. एक, जे इतर कारणांनी सहसा होत नाही. कॉर्टिसॉल जास्त झालेल्या कुशिंगच्या रुग्णाचं वजन वाढतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, पण इंदुरात या तिन्ही गोष्टी घरटी आहेत. त्याऐवजी बघायचं ते असं की जरा लागलं तरी काळंनिळं पडतं का, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे आहेत का, मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येतं का. दोन, जे बदललेलं आहे. जन्मापासून थंडी सोसत नसेल तर त्याला अर्थ नाही. गेल्या वर्षापासून सोसेनाशी झाली असेल तर आहे. तीन, जे क्रमाने आलं. दूध नाही, मग पाळी नाही, मग केस विरळ, मग ग्लानी. ही साखळी कुठल्याही एका कडीपेक्षा कितीतरी जास्त सांगते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही वर्णनं गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्यावर, त्वचा काळवंडते, असं पुस्तक सांगतं. आपल्याकडे घरचे म्हणतात, ‘शेतात उन्हात असते ना’, आणि डॉक्टरलाही ते पटतं. आपल्या रंगावर तो आजार शोधायचा तर तळहाताच्या रेषा, हिरड्या, गालाची आतली बाजू, जुने व्रण बघायला हवेत, जिथे ऊन पोचत नाही. आणि आपल्याकडे क्षयरोग ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचू शकतो, त्यामुळे हा शोध परदेशी पुस्तकातल्यापेक्षा इथे जास्त गरजेचा आहे. कातडीच्या लालीवर विसंबायला शिकलेला डॉक्टर आपल्या माणसांत बरंच काही हुकवतो. लपलेल्या खुणांचंही तसंच. ओठावरचे आणि हनुवटीचे केस दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये काढलेले असतात. न विचारता ते दिसणार कसे?

साशंक : तुमचा सर्वांत बळकट मुद्दा तुम्ही अजून मांडलाच नाहीत. तो मीच मांडतो, कारण त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. सांधेदुखीवरच्या, दम्यावरच्या, भूक लागण्यासाठीच्या बिननावाच्या पुड्या आणि गोरं होण्यासाठी चेहऱ्याला लावायची स्टेरॉईडची मलमं. त्या पुड्यांत अनेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. काही महिन्यांत रुग्णाचा चेहरा वाटोळा होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक होतात, अगदी कुशिंगचं चित्र. आणि रक्तात कॉर्टिसॉल तपासलं तर ते कमी निघतं, कारण बाहेरून आलेल्या स्टेरॉईडमुळे शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं आणि तपासणीला डेक्सामेथासोनसारखं बाहेरचं औषध दिसत नाही. अंग सांगतं जास्त, कागद सांगतो कमी. दोन्ही खरं असतं. ‘काय काय घेता? पुडी, काढा, मलम, सगळं सांगा’ हा प्रश्न विचारल्याखेरीज हे कोडं सुटत नाही. आणि पुडी एकदम बंद केली तर रुग्ण कोसळतो, तेही खरं. एवढं देऊन झाल्यावर माझी खरी तक्रार सांगतो. हे सगळं विचारायचं कोणी? इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून आहे, किंग एडवर्ड शाळेपासून १९४८ च्या महात्मा गांधी स्मारक महाविद्यालयापर्यंत. माणसं शिकलेली आहेत, पण वेळ कुठे आहे? आणि शंका आली तरी पुढे काय? सकाळी आठचं कॉर्टिसॉल घ्यायचं. आकडा अधलामधला आला तर ग्रंथीला चेतवून पुन्हा मोजायचं. त्यासाठी जगभर वापरतात ते सिनॅक्थेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून ॲक्टन प्रोलाँगेटम वापरतात. हे इंदुरात जमेल. अलिराजपूरच्या तालुक्यात नुसत्या ‘दूध आलं नव्हतं’ यावरून ज्या दहा बायकांवर शंका घेतली जाईल, त्या दहाही जणी मजुरी बुडवून, बसभाडं भरून, लेकरं शेजारणीकडे ठेवून इंदूरला येतील. त्यातल्या नऊ जणींना काही नसेल तर? चुकीच्या शंकेची किंमत डॉक्टर भरत नाही. ती सर्वांत गरीब बाई भरते.

आग्रही : ही हरकत मला झोंबते, आणि झोंबायलाच हवी. म्हणून आठवणीवरचं ओझं कमी करू. आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर घरी जाते, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा वेळा आणि घरी झालं असेल तर सात वेळा, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. बाळ दूध पितं का, हे ती विचारतेच. त्याच वेळी आईला किती रक्तस्राव झाला, रक्त चढवलं का, दूध मुळीच आलं नाही का, एवढं लिहून ठेवलं तर पंधरा वर्षांनी कोणाला आठवावं लागणार नाही. रक्तस्राव भरपूर आणि दूध नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच पुढची पायरी. तुमच्या दहांतल्या बऱ्याच जणी तिथेच गळतील.

साशंक : आशाच्या या फेऱ्या बेचाळीस दिवसांत संपतात आणि हा आजार उमटायला वर्षं घेतो. ती नोंद सांभाळणार कोण? झाबुआ-अलिराजपूरची कुटुंबं मजुरीसाठी दरवर्षी गुजरातेत जातात. सुरतेच्या बांधकामावर कोसळलेल्या बाईचं कार्ड पाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असेल. आणि आज ज्या चाळिशीच्या आहेत, ज्यांच्यासाठी तुम्ही हा सगळा वाद मांडलात, त्यांच्यापाशी कार्ड कधी नव्हतंच. त्यांच्यासाठी पुन्हा आठवणच उरते.

आग्रही : मग जिथे शंका दाट आहे तिथून सुरुवात करू. कमी सोडियम, कमी साखर, पडलेला रक्तदाब अशा अवस्थेत एमवायच्या कॅज्युअल्टीत येणारी प्रत्येक मूल झालेली बाई. तिच्या नवऱ्याला किंवा सासूला हे प्रश्न विचारायचे, काखेतले केस बघायचे, कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवायचं आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन स्वस्त आहे, एका डोसने नुकसान होत नाही आणि जीव वाचू शकतो. तिथे चुकीच्या शंकेची किंमत जवळजवळ शून्य. वर्षभराच्या नोंदी जमल्या की या भागात आजार किती आहे याचा निदान एक तरी धागा हाती येईल. तुम्ही मोजमाप मागता, पण विचारलंच नाही तर मोजणार काय?

साशंक : कॅज्युअल्टीपुरतं मी मान्य करतो, आजपासून. पण तिथे पोचलेली बाई ही पंधरा वर्षं थकून, आळशी म्हणवून घेऊन, पुन्हा मूल होत नाही म्हणून टोमणे ऐकून मग पोचलेली असते. तुम्ही तिला आधी गाठू म्हणाला होतात, आणि आता आपण तिला शेवटी गाठतोय. जितकं मागे जावं तितकी शंका पातळ होते आणि तिची किंमत गरिबावर पडते. जितकं पुढे थांबावं तितकी शंका पक्की, पण बाईचं आयुष्य हातातून गेलेलं. या दोन टोकांमध्ये, जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर कुठे तरी, सकाळचं कॉर्टिसॉल आणि टीएसएचबरोबर टी-फोर तिथल्या तिथे होऊ लागलं, तर तुमचा प्रश्न विचारणं न्याय्य ठरेल असं मला वाटतं. त्याआधी विचारावा का, याबद्दल मी अजून तुमच्याशी सहमत नाही.

आग्रही : आणि मी म्हणेन, आधी विचारा, म्हणजे ती तपासणी धारला आणि बडवानीला का हवी हे सांगायला कोणापाशी तरी नावं असतील. जिला कोणी विचारलंच नाही, तिच्यासाठी यंत्र कोण मागवणार?

साशंक : विचारून ठेवलेल्या त्या बाईला यंत्र येईपर्यंत काय सांगायचं, तेवढं मला सांगा.